एका वाहिनीची किंमत

टीव्हीचा खर्च कमी करायलाच हवा. पण कात्री नेमकी कुणाच्या वाट्यावर चालते, तेही पाहायला हवे.

घरखर्च आवरायची वेळ आली की दूध कमी करता येत नाही, शाळेची फी कमी होत नाही आणि घरभाडे तर दर अकरा महिन्यांनी वाढतच असते. मग उरते काय? बाहेरचे खाणे, नवे कपडे आणि टीव्ही. त्यातही टीव्हीचा खर्च मोठा फसवा. तो एकदम डोळ्यांत भरत नाही. महिन्याच्या सुरुवातीला एक रिचार्ज, मध्यावर दुसरा, आणि अधूनमधून कुणाच्या तरी बँक खात्यातून परस्पर वळते होणारे दीडशे-दोनशे रुपये. वाण्याच्या यादीवर घासाघीस करणारी गृहिणीसुद्धा या रकमांची बेरीज कधी करत नाही.

दिल्लीतल्या पहाडगंजमधील एका मराठी घरात ही बेरीज २०२३ च्या एप्रिल महिन्यात झाली. नवी दिल्ली स्टेशनातून बाहेर पडून मेन बाजारात शिरले की दोन्ही बाजूंना हॉटेलांच्या पाट्या आणि डोक्यावर वायरींची जाळी लागते. पण हाच पहाडगंज दिल्लीतल्या मराठी माणसाला परका वाटत नाही. बृहन्महाराष्ट्र भवन याच भागात, नूतन मराठी शाळाही इथलीच. जवळच्या चुना मंडीतल्या एका अरुंद गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहते.

घरातले कर्ते गृहस्थ मूळचे सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. त्या बाजूची माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. हेही करोलबागेत गलाईच्या एका दुकानात कामाला. पत्नी घरी ब्लाऊज शिवते आणि घरखर्चाची वही सांभाळते. मुलगी त्या वर्षी अकरावी विज्ञान शाखेत गेलेली, मुलगा सातवीत. आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आजी. आजोबा गेल्यानंतर ती गाव सोडून मुलाकडे दिल्लीला आली, त्याला सहा वर्षे झाली होती.

वहीतली बेरीज

निमित्त झाले मुलीच्या शिकवणीच्या फीचे. पहिला हप्ता भरायचा होता आणि वहीत काही केल्या तेवढे पैसे शिल्लक पडत नव्हते. रात्री जेवणे आटोपल्यावर सूनबाईने वही पुढे ओढली. बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीच्या डिशचा रिचार्ज महिन्याला ४३० रुपये. आतल्या खोलीत मुलांसाठी घेतलेल्या छोट्या टीव्हीच्या जोडणीचे १८० रुपये. मोबाईलवर सिनेमे आणि मालिका पाहायच्या दोन सेवा, एकीचे १४९ आणि दुसरीचे १९९. सगळे मिळून महिन्याला ९५८ रुपये. वर्षाला जवळजवळ साडेअकरा हजार!

"एवढे?" पतीचा विश्वासच बसेना.

"आणि त्यातली ही दीडशेची सेवा गेले सात महिने कुणी उघडूनसुद्धा पाहिली नाही," सूनबाई म्हणाली. "एक सिनेमा पाहण्यासाठी घेतली होती, ती तशीच चालू राहिली."

खरे तर असे पैसे कापले जाण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी ग्राहकाला सूचना देणे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या ऑक्टोबरपासून बंधनकारक केले आहे. सूचना येतही होत्या. पण मोबाईलवर दिवसाला पन्नास संदेश येतात, त्यांतला हा एक कोण वाचणार? सात महिन्यांचे हजारावर रुपये असे न वाचलेल्या संदेशांत गेले.

मुलाने शाळेत ऐकलेली माहिती पुढे केली. त्याच्या वर्गातल्या एका मित्राकडे दूरदर्शनची फुकट डिश होती. एकदा पैसे द्यायचे, मग महिन्याला काहीच नाही. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिथेच ठरले. सगळे बंद करायचे आणि फुकटची डिश आणायची. आजी कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिला कुणी काही विचारले नाही. विचारायचे आहे हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

फुकट म्हणजे नेमके काय?

दूरदर्शनची ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा तिचे नाव होते डीडी डायरेक्ट प्लस आणि वाहिन्या होत्या ३३. पुढे तिला फ्री डिश हे नाव मिळाले. आज तिच्यावर शंभराहून अधिक वाहिन्या दिसतात आणि देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती असावी असा अंदाज आहे. छत्री, सेट टॉप बॉक्स, वायर आणि बसवणावळ असा सुमारे दोन हजारांपर्यंत एकदाच खर्च. मासिक वर्गणी नाही.

आता हे फुकट परवडते कसे? कुणीतरी कुठेतरी पैसे भरतच असतो. दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या सरकारी पैशावर आणि जाहिरातींवर चालतात. खाजगी वाहिन्यांना या डिशवर जागा हवी असेल तर ती प्रसार भारतीच्या लिलावात बोली लावून घ्यावी लागते आणि तो पैसा त्या जाहिरातींतून वसूल करतात. म्हणून जाहिराती भरपूर. आणि म्हणूनच आज दिसणारी वाहिनी उद्या दिसेलच याची खात्री नाही. २०१९ च्या मार्चमध्ये मोठ्या खाजगी समूहांनी आपल्या करमणुकीच्या वाहिन्या या डिशवरून काढून घेतल्या, २०२० मध्ये त्या परत आल्या आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यांतल्या लोकप्रिय चार पुन्हा गेल्या. दात्याची मर्जी सांभाळावी लागते, तसेच हे.

पण मिळते तेही थोडे नाही. भारतीय संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने दूरदर्शनला दाखवू द्यावेत असा कायदाच २००७ सालचा आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अशा रीतीने मिळालेला सामना दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणातून आणि फ्री डिशवरून दाखवावा. इतर केबल किंवा डिश कंपन्यांना तो आयता मिळणार नाही. म्हणजे क्रिकेटच्या बाबतीत फुकटवाल्याचे फारसे अडत नाही. आयपीएल मात्र यात धरलेले नाही. शिवाय इयत्तावार शाळेचे धडे दाखवणाऱ्या पीएम ई-विद्या वाहिन्या आणि कॉलेजच्या विषयांच्या स्वयंप्रभा वाहिन्या याच छत्रीवर मिळतात. अकरावीतल्या मुलीच्या घरी ही जमेची मोठी बाजू.

छत कुणाचे?

लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमधून सामान आणले. तिथल्या दुकानदाराने सल्ला दिला की जुन्या पद्धतीचा स्वस्त बॉक्स घेऊ नका, एमपेग-४ पद्धतीचा घ्या. त्यावर जुन्या-नव्या दोन्ही पद्धतींच्या वाहिन्या दिसतात. सल्ला योग्य होता. बॉक्स, छत्री, वायर आणि बसवणावळ मिळून १,८०० रुपये झाले.

खरी अडचण पुढे आली. फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. दिल्लीहून त्याच्याकडे पाहायचे तर तोंड दक्षिणेपासून थोडे पूर्वेला वळवावे लागते आणि नजर क्षितिज आणि डोक्यावरचे आकाश यांच्या मध्याहून किंचित वर. मध्ये भिंत आली की चित्र गेलेच. या घराची गॅलरी दक्षिणेलाच, पण समोर चार हातांवर हॉटेलची पाच मजली भिंत. म्हणजे छत्री गच्चीवरच न्यायला हवी. आणि गच्चीवर हक्क कुणाचा? घरमालक म्हणाले, आधीच सात छत्र्या आहेत, आठवी कुठे लावता? शेवटी पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मिळाला, भिंतीला भोक न पाडण्याच्या अटीवर. सिमेंटच्या ठोकळ्यावर छत्री उभी राहिली. माकडांनी वायर ओढू नये म्हणून ती पाईपातून खाली आणली.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आधी गच्चीवर जाऊन आकाश पाहावे, घरमालकाशी बोलावे आणि मगच बाजारात जावे. सामान आणून घरात पडून राहिले तर बचत बाजूलाच, गाठचे दोन हजार जातात.

पहिला आठवडा मोठ्या उत्साहात गेला. वडिलांना बातम्या आणि सामने मिळाले. मुलीला भौतिकशास्त्राचे धडे सापडले. मुलगा आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाल्यावर दोन दिवस फुरंगटला, मग गल्लीत खेळायला जाऊ लागला. सूनबाईने वहीत ९५८ या आकड्यावर काट मारली आणि तिला हलके वाटले. "आईंना सह्याद्री आहेच," ती पतीला म्हणाली. "मराठी ते मराठीच."

आठ वाजताची मालिका

मराठी ते मराठीच, हे दिल्लीत बसून म्हणणे सोपे नाही. इथल्या जुन्या मराठी मंडळींना आठवत असेल, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले तरी त्यावरचे मराठी कार्यक्रम दिल्लीच्या ॲंटेनावर येत नसत. गणेशोत्सवातले नाटक आणि गावाहून येणारे पत्र, एवढीच कानांवर मराठी पडायची. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी वाहिनी उपग्रहावरून दिसू लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, जी पुढे झी मराठी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी घरात मराठी बोलणारी चार माणसे टीव्हीतून येऊ लागली. गेल्या काही वर्षांत फुकटच्या डिशवरही सह्याद्रीच्या जोडीला फक्त मराठी, शेमारू मराठी बाणा, सन मराठी अशा वाहिन्या दिसल्या. पण ज्या मालिकांची घरोघर चर्चा होते, त्यांच्या वाहिन्या बहुतेक पैशांच्याच राहिल्या.

आजी अशीच एक मालिका पाहायची. रात्री आठला. आणि नऊच्या सुमाराला फोन वाजायचा. विट्याहून धाकट्या बहिणीचा. दोघींचे अर्धा तास बोलणे चालायचे. त्यातले निम्मे मालिकेवरच. "त्या थोरल्या जावेनं कागद लपवला, बघितलंस का?" "मला कालच संशय आला हुता!" मालिकेतल्या जावेवरून बोलणे गावातल्या जावांवर जायचे, तिथून जुन्या लग्नांवर, मग गुडघ्यांवर आणि औषधांवर. दीड हजार किलोमीटरहून लांब राहणाऱ्या दोन म्हाताऱ्या बहिणींनी एका वेळी एकच गोष्ट पाहायची आणि तिचा धागा धरून मनातले सारे बोलायचे, असा तो रिवाज होता. शेजारी गृहपाठ करत बसलेल्या नातवाच्या कानावर हे सगळे पडायचे. शाळेत आणि गल्लीत हिंदी बोलणारा हा मुलगा मधूनच एखादी अस्सल मराठी म्हण फेकायचा, ती इथूनच उचललेली.

नवी डिश आल्यावर आजीने तक्रार केली नाही. सह्याद्री लावून दिली तर ती पाहायची. काही कार्यक्रम तिला आवडायचेही. पण हळूहळू ती साडेआठलाच अंथरूण घालू लागली.

सूनबाईच्या हे लगेच लक्षात आले नाही. जूनमध्ये एका रात्री ती नऊ वाजता शिलाई आवरत होती आणि तिला एकदम काहीतरी चुकल्यासारखे वाटले. फोन वाजला नव्हता. कालही नाही, परवाही नाही.

"आई, मावशींचा फोन येत नाही का हल्ली?" तिने अंधारातच विचारले.

"येतो की अधनंमधनं," आजी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

"पूर्वी रोज यायचा."

थोडा वेळ उत्तर आले नाही. मग आजी म्हणाली, "काय बोलायचं गं रोज? ती इचारती, आज काय झालं बघितलंस का, आन् मला सांगता येत न्हाई. दोन-चार डाव डोकं दुखतंय म्हणलं. किती डाव म्हणू? दिल्लीला पोराकडं सुखात हाय म्हणून सगळ्या गावाला सांगितलंय मी. टीव्हीचे पैसे भरायला न्हाईत, हे तिला कसं सांगू?"

सूनबाईच्या घशाशी आवंढा आला. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही पोरीच्या फीसाठी केलं. त्यात मी आडवी कशी येऊ?"

एक वांगे आणि मंडई

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा उघडली. या वेळी आजीला मध्ये बसवून. "आई, आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय काय पाहायला हवं?"

आजी म्हणाली, "मला एकच पाहिजे. दोनशे वाहिन्या कोण बघतंय? तुम्ही भरत हुता ते कशाचं भरत हुता, मला ठावं न्हवतं."

साध्या शब्दांत तिने मुद्द्यालाच हात घातला होता. घरोघरी घेतले जातात ते पॅक. त्यात खेळ, इंग्रजी सिनेमे, लहान मुलांच्या वाहिन्या, इतर भाषांच्या वाहिन्या असे सगळे एकत्र बांधलेले असते. पण ट्रायच्या नियमांनुसार १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला हवी ती एकच वाहिनीही घेता येते. केबलवाल्याकडे किंवा डिश कंपनीकडे तशी मागणी करायची, एवढेच. बहुतेक जण करत नाहीत, कारण आयता पॅक सांगणे सोपे असते आणि घेणेही.

मुलीने आधी दुसरा मार्ग सुचवला. त्या वाहिनीचे कार्यक्रम मोबाईलवरही दिसतात, ते स्वस्त पडेल. पण आजीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. हातभर लांब धरलेल्या एवढ्याशा पडद्यावर तिला जावा-जावांतला फरकच कळेना. शिवाय मुलाचा मोबाईल रात्री आठला घरी असेलच असे नाही. तो विचार सोडून दिला.

मग गल्लीतल्या केबलवाल्याला गाठले. दिल्लीत केबल २०१२ च्या नोव्हेंबरपासून डिजिटल झाली आहे, त्यामुळे सुटी वाहिनी देणे त्याला अवघड नव्हते. त्याने हिशेब सांगितला. वाहिनीचे महिन्याला १९ रुपये. पण त्याआधी जोडणी घरात पोचवण्याचे शुल्क १३० रुपये. दोन्हींवर अठरा टक्के जीएसटी. एकूण १७५ रुपये ८२ पैसे.

"एकोणीस रुपयांच्या वस्तूला पावणेदोनशे?" आजीने विचारले. सूनबाईने समजावून सांगितल्यावर ती हसली. "म्हंजे एक वांगं घ्यायला मंडईत शिरायचेच पैसे द्यायचे म्हण की!"

याहून चांगले स्पष्टीकरण कुणी देऊ शकणार नाही. मात्र त्या मंडईत शिरल्यावर काही भाजी मोफत मिळते. त्या १३० रुपयांत तेव्हा दोनशे वाहिन्यांपर्यंतची जागा मिळत असे आणि फुकट वाहिन्यांनी ती भरून घेता येत असे. वाहिनी एचडी घेतली तर ती दोन वाहिन्यांची जागा खाते, शिवाय तिची किंमतही बहुधा जास्त. म्हणून आजीसाठी साधीच घेतली.

आजीने एक अट घातली. "पावसाळा संपला की मी दोन म्हैनं गावाकडं जाते. तवा हे बंद ठेवायचं. रिकाम्या घरात कुणासाठी लावायचं?" सेवा अशी तात्पुरती बंद ठेवता येते, फक्त केबलवाल्याला आधी कळवावे लागते, हे घरातल्या शिकलेल्या माणसांनाही माहीत नव्हते.

किती वाचले?

आता त्या घरात एकाच टीव्हीला दोन बॉक्स जोडलेले आहेत. दिवसभर फुकटची डिश चालते. रात्री आठला रिमोट बदलतो. आतल्या खोलीतला टीव्ही विकून टाकला. मोबाईलवरच्या दोन्ही सेवा बंद झाल्या आणि त्यांची बँकेला दिलेली परवानगीही रद्द केली. नुसते ॲप काढून टाकल्याने पैसे कापणे थांबत नाही, हेही यात शिकून झाले.

पूर्वीचे ९५८ आणि आताचे सुमारे १७६. महिन्याला ७८२ रुपयांची बचत, वर्षाला नऊ हजारांहून जास्त. पहिल्या वर्षी छत्री आणि बॉक्सचे १,८०० वजा केले तरी साडेसात हजार हातात राहिले. शिकवणीची फी पूर्ण भरायला ते पुरेसे नव्हते, पण एक हप्ता त्यातून निघाला. आजीची वाहिनी परत आणण्यासाठी या घराला वर्षाला सुमारे दोन हजार रुपये मोजावे लागतात. ते वाचवले असते तर वहीतला आकडा अधिक देखणा दिसला असता, एवढेच.

नऊ वाजताचा फोन पुन्हा वाजू लागला. पहिल्या दिवशी बहिणीने विचारले, "डोकं ऱ्हायलं का?" आजी म्हणाली, "ऱ्हायलं. आता सांग, मधल्या भागांत काय काय झालं?" त्या रात्री फोन सव्वादहापर्यंत चालला.

आपल्या घरी हिशेब मांडताना

दरांत तेव्हापासून फरक पडला आहे. त्या १३० रुपयांच्या शुल्कावर असलेली कमाल मर्यादा ट्रायने २०२४ च्या जुलैमध्ये काढून टाकली. त्यामुळे आता प्रत्येक कंपनी आपला दर ठरवते. दोन ठिकाणी विचारूनच जोडणी घ्यावी. फुकटच्या बाजूलाही भर पडली आहे. प्रसार भारतीने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये वेव्हज नावाचे ॲप आणले. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या आणि जुने कार्यक्रम मोबाईलवर पाहता येतात. मात्र इंटरनेटचा खर्च धरायला विसरू नये. फ्री डिशवरच्या वाहिन्या दर वर्षी एप्रिलच्या सुमाराला बदलतात, तेव्हा बॉक्सवर वाहिन्यांचा शोध पुन्हा घ्यावा. पुष्कळ घरांत नवी वाहिनी आलेली असते आणि कुणाला पत्ताच नसतो.

परंतु दर आणि वाहिन्या यांच्याआधी एक काम करावे. आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवावे, की घरात कोण काय पाहते आणि त्याला ते दुसरीकडे कुठे मिळू शकते. तरुण मुलांना मोबाईल आहे, मित्र आहेत, बाहेरचे जग आहे. नोकरी करणाऱ्याला वर्तमानपत्र आहे, कचेरीतल्या गप्पा आहेत. त्यांचे काही बंद केले तर ते चार दिवस कुरकुरतील आणि दुसरे काही शोधतील. ज्याला दुसरे काहीच नाही, तो मात्र कुरकुरतही नाही. बहुधा तो घरातला सर्वांत म्हातारा माणूस असतो, किंवा परगावाहून आलेली नवी सून, किंवा अंथरुणाला खिळलेले कुणी.

काटकसर ही घराची शिस्त आहे आणि ती सर्वांनी पाळायची असते. पण एकाच्या ताटातले काढून वहीत जमा दाखवणे म्हणजे काटकसर नव्हे. चार जणांनी आपापले थोडे सोडले, तर पाचव्याची एक वाहिनी सहज राहू शकते. त्यासाठी त्याला आधी विचारावे मात्र लागते.